शनिवारचे गुडघे, रविवारचं घर

हाडांच्या दवाखान्यात पेशंटांना आमची नावं लक्षात राहत नाहीत. सर्जन ते ‘मोठे डॉक्टर’ आणि आम्ही ‘व्यायामवाल्या मॅडम’. हे प्रकरण अशाच एका व्यायामवाल्या मॅडमचं आहे. लातुरातल्या एका खासगी रुग्णालयात ती आणि मी एकाच फिजिओथेरपी विभागात काम करतो. विभाग म्हणजे तीन माणसं: प्रमुख म्हणून मी, ती, आणि कंत्राटावरचा एक तरुण फिजिओ. रुग्णालयाचं नाव देत नाही, तिचंही नाही. तिने लिहून झाल्यावर वाचलं आहे आणि दोन ठिकाणी माझी चूक दुरुस्त केली आहे. ड्युटीचा तक्ता मीच लावते, एवढं मात्र आधीच सांगून ठेवते. ते पुढे लागणार आहे.

घर दोन ठिकाणी

ती चौतीस वर्षांची. बीपीटीएच झालेली, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचं शिक्षण. आमच्याकडे तिला सातवं वर्ष. सासर किल्लारीच्या बाजूला, लातूरहून एसटीने सव्वा ते दीड तास. नवरा तिकडेच जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, घरची पाच एकर सोयाबीन-तूर तोच बघतो. थोरली मुलगी पाचवीत, ती आईसोबत लातुरात भाड्याच्या खोलीवर. शाळेसाठी लातुरात खोली केली म्हटलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. अर्ध्या मराठवाड्यातल्या आया इथे तेच करतात. धाकटा मुलगा चार वर्षांचा. आई दिवसभर रुग्णालयात, मग खोलीवर त्याला बघणार कोण? म्हणून तो गावाकडे आजीजवळ.

थोडक्यात, हे कुटुंब एका छपराखाली येतं ते शनिवारी संध्याकाळी. पाचची एसटी धरली की साडेसहाला घर, आणि सोमवारी पहाटे साडेपाचला पुन्हा एसटीच्या पाटीवर. मध्ये पस्तीस तास. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा ती म्हणाली होती, “मॅडम, आता पैशासाठी तरी जाणं चुकणार नाही.” चुकलं ते दुसऱ्याच कारणाने.

पगार बावीस हजार. त्यावर ती होम व्हिजिट करायची, चारशे रुपयाला एक. अर्धांगवायूचे तीन पेशंट, तिघेही जुने. त्यांच्या घरच्यांना रविवारच हवा असायचा, आणि त्यात काही वावगं नव्हतं. उजवी बाजू गेलेल्या साठ-सत्तर किलोच्या माणसाला उठवून उभं करायला घरात धडधाकट मुलगा लागतो, आणि मुलगा घरी सापडतो रविवारी. या व्हिजिटांच्या पैशातून लेकीच्या शाळेची फी निघत होती. तेव्हा ‘सोडून दे की बाहेरची कामं’ हा सल्ला फुकटचा होता. मी तो दोनदा दिला.

शनिवारी ऑपरेशन का, आणि रविवारी काय

आमच्याकडे सांधेबदलाचे सर्जन बाहेरगावचे आहेत. आठवडाभर त्यांचं स्वतःचं रुग्णालय चालतं, म्हणून ते लातूरला शनिवारी येतात. जिल्ह्याच्या गावांत हे सर्रास चालतं. मोठ्या शहरातला डॉक्टर आपल्याकडे यायचा तर त्याचा सवडीचा वार आपल्याला मुहूर्त म्हणून धरावा लागतो. शनिवारी दोन, कधी तीन गुडघे होतात. संध्याकाळी सर्जन गाडीत बसून जातात. रविवार सकाळ आमची.

बाहेरच्या माणसाला वाटतं की ऑपरेशननंतर एक दिवस आराम करू द्यावा. नेमकं तेच करायचं नसतं. नवा गुडघा बसवला की त्याच संध्याकाळी पंजे वर-खाली हलवायला लावायचं, म्हणजे पोटरीत रक्त साकळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर घेऊन उभं करायचं आणि चार पावलं तरी टाकून घ्यायची. गुडघा पूर्ण सरळ होतो का ते बघायचं, वाकवायला सुरुवात करायची. साधारण दोन आठवड्यांत नव्वद अंश वाकला पाहिजे, हे आम्ही डोक्यात धरून चालतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत माणूस घाबरून पाय धरून पडला की पुढे तो ताठरपणा सोडवताना पेशंटही रडतो आणि आम्हीही.

पहिलं उभं राहणं जवळून बघण्यासारखं असतं. औसा तालुक्यातल्या एक मावशी होत्या, दोन्ही गुडघे गेलेले, त्यातला उजवा बदललेला. तिने त्यांना आधी पलंगाच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडले आणि दोन मिनिटं काही न करता गप्पा मारत राहिली. मावशींना वाटलं मॅडमला बोलायची हौस आहे. ती मात्र त्यांच्या ओठांचा रंग आणि कपाळावरचा घाम बघत होती. बराच वेळ पडून असलेलं माणूस एकदम उभं केलं की रक्तदाब उतरतो आणि ते कोसळतं. मग कमरेला पट्टा, एका बाजूला ती, एका बाजूला ब्रदर, समोर वॉकर. “मावशी, तीन म्हटलं की छाती वर.” मावशी उठल्या, उभ्या राहिल्या आणि पहिलाच प्रश्न केला, “आता मांडी घालता येईल का?” प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर आम्ही लगेच देत नाही.

तर रविवारी कुणीतरी फिजिओ लागणारच, त्यात शंका नाही. प्रकरणाचा हा भाग वैद्यकीय आहे आणि त्यात तडजोड करायला नको. माझं चुकलं ते त्याच्या पुढे. ‘कुणीतरी’ लागणार, याचा अर्थ मी ‘तीच’ असा केला होता.

मंगळवारचा प्रयोग

२०२४ च्या पावसाळ्यात ती पहिल्यांदा बोलली. तक्रार म्हणून नव्हे, चहा पिताना. धाकटा आता शनिवारी रात्रीसुद्धा आजीजवळच झोपतो, आपल्याजवळ घेतलं की रडतो, असं म्हणाली. हसत म्हणाली, म्हणून मीही हसले.

पण मनात राहिलं, म्हणून मी तोडगा काढला: रविवारी काम आणि मंगळवारी सुट्टी. कागदावर झकास दिसत होतं. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या म्हणतो. ती रविवारीच द्या असं म्हणत नाही. कायद्याने आमचा हिशेब चोख होता. सहा दिवस काम, एक दिवस आराम.

तिचा मंगळवार कसा जायचा ते मला नंतर कळलं. सकाळी मुलगी शाळेत. नवरा तिकडे शाळेवर. गावाला जावं तर तीन तास एसटीत, आणि संध्याकाळी मुलगी शाळेतून यायच्या आत परत. म्हणून ती जायचीच नाही. कपडे धुवायची, दळण आणायची, झोपायची. एका मंगळवारी तिने खोलीवरच्या सगळ्या डब्यांना नवीन चिठ्ठ्या चिकटवल्या, एवढंच त्या महिन्यातलं तिला आठवतं.

गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवून दिली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्या सुट्टीची गंमत अशी की ती सगळ्यांना एकाच दिवशी मिळाली. एकट्याला मिळालेली सुट्टी अंगाला आराम देते, घराला देत नाही. मंगळवारने तिची पाठ दुखायची थांबली, हे खरं. पोरगं मात्र आजीजवळच झोपत राहिलं.

मग अर्धा रविवार करून बघितला. बारापर्यंत वॉर्ड उरकायचा आणि सुटायचं. हा प्रयोग तीन आठवडेसुद्धा चालला नाही. वॉर्डातून निघायला साडेबारा, खोलीवर जाऊन मुलीला घेऊन स्टँडवर एक-सव्वा, गाडी लागेपर्यंत दोन. घरी पोचेपर्यंत साडेतीन, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला परत. त्या तीन आठवड्यांत मुलीने एसटीत दोनदा उलटी केली. तिसऱ्या रविवारी तिने गावाकडे फोन करून सांगितलं, “मी येत नाही, पप्पांनाच पाठवा.”

येळवस

लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना वेळ अमावस्या सांगायला नको, आम्ही येळवस म्हणतो. इतरांसाठी एवढंच, की मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे शहरं ओस पडतात. जो तो रानात. कडब्याची खोप घालायची, आत पूजा मांडायची, आणि आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. ज्याचं शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात जेवतो. त्या दिवशी लातुरात पान खायला टपरी सापडत नाही.

२०२४ ची येळवस ३० डिसेंबरला होती, सोमवारी. तिने महिनाभर आधी शनिवार संध्याकाळ ते सोमवार अशी रजा मागितली होती आणि मी ‘बघू’ म्हटलं होतं. शनिवारी २८ तारखेला तीन गुडघे झाले. कंत्राटी मुलगा परीक्षेला गेलेला. रविवारी तिलाच थांबावं लागलं. सोमवारी सकाळच्या गाडीने, प्रचंड गर्दीत, मुलीला मांडीवर घेऊन ती निघाली आणि अकराच्या सुमाराला रानात पोचली.

पुढचं तिच्याच तोंडून ऐकलेलं. खोपीपुढे पंगत बसत होती. सासूबाई मातीच्या मडक्यातून आंबील ओतत होत्या. एवढ्यात फोन. शनिवारच्या तीन पेशंटांपैकी एकाचा मुलगा व्हिडिओ कॉलवर: “मॅडम, आईचा पाय सुजला आहे, वाकवू का नको?” वॉर्डातल्या कुणाला विचारायला हवं होतं. पण रुग्णालयातही येळवसच होती, विचारायला एकच माणूस. मॅडमचा नंबर मात्र त्याच्याकडे होता, कारण आम्ही तो प्रत्येक पेशंटला देतो. ती बांधावर जाऊन बसली. तुरीच्या ओळीत मोबाईलला रेंज धरून तिने पोटरी दाबून बघायला लावली, पाय उशीवर उंच ठेवायला सांगितला, बर्फ कसा लावायचा ते सांगितलं, पोटरीत कळ वाढली तर लगेच ड्युटी डॉक्टरांना बोलवा म्हणून बजावलं. वीस मिनिटं गेली. मागे वळून बघितलं तर पंगत उठली होती आणि सासूबाई तिचं ताट घेऊन ढेकळांतून तिच्याकडे येत होत्या.

त्यांची चाल बघून ती चरकली. डावा पाय त्यांचा जुनाच ताठ. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीच्या भूकंपात माळवदाच्या घराची दगडी भिंत मांडीवर पडली होती. हाड जुळलं, पण कित्येक महिने प्लॅस्टरमध्ये राहिलेला गुडघा नंतर कुणी वाकवून घेतला नाही. तेव्हा व्यायाम करून घ्यायचा असतो हे सांगायलाही कुणी नव्हतं. सत्तर अंशांच्या पुढे तो गेलाच नाही. एकतीस वर्षं त्या त्याच पायाने शेत करत आल्या. पण आता उजवा पायही आत झुकलेला दिसत होता. ताठ पायाचा भार उचलून उचलून चांगला गुडघा झिजला होता. ती आठवड्याला वीस-पंचवीस गुडघे मोजते. घरातला हा गुडघा तिच्या नजरेला गेले चार महिने पडलाच नव्हता. शनिवारी अंधारात पोचायचं, सोमवारी अंधारात निघायचं आणि मधला रविवार असलाच तर रांधण्यात जायचा.

“आत्या, पाय कधीपासून दुखायलाय?”

“तू जेव आधी. आंबील आंबून चालली.”

हजेरीपट

जानेवारीत ती राजीनामा घेऊन आली. गावाजवळच एका छोट्या दवाखान्यात निम्म्या पगारावर बोलणं झालं होतं. मी तिला आठ दिवस मागून घेतले आणि हजेरीपट काढला. ऑक्टोबर ते डिसेंबर, तेरा रविवार. ती नऊ रविवारी कामावर. कंत्राटी मुलगा चार. मी शून्य.

शून्य बघून मला पहिल्यांदा राग आला तो हजेरीपटाचा. मग आठवलं की विभागप्रमुखाने रविवारी यायचं नाही असा नियम कुठेही लिहिलेला नाही. अकरा वर्षांपूर्वी माझी मुलगी दहावीला होती, म्हणून मी ‘या वर्षापुरतं’ रविवार बंद केले होते. मुलगी आता नोकरीला लागली. तक्ता माझ्या हातात होता, म्हणून ‘या वर्षापुरतं’ अकरा वर्षं पुरलं. अशा प्रकरणांत आपण वेळेचं व्यवस्थापन, प्राधान्यक्रम वगैरे बोलायला लागतो आणि ज्याला वेळ पुरत नाही त्यालाच शिकवायला जातो. तिच्या वेळेत शोधून सापडण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. वेळ माझ्याकडे पडून होता.

मग आम्ही तिघे एका दुपारी बसलो आणि रविवारच्या कामाची उलटतपासणी केली. प्रत्येक काम खरंच रविवारीच लागतं का, फिजिओलाच लागतं का, एवढे दोनच प्रश्न. उत्तरं मला वाटली होती त्याहून वेगळी निघाली. नवीन गुडघ्यांना पहिल्यांदा उभं करणं: रविवारीच, फिजिओनेच. मागच्या आठवड्याच्या, घरी जायच्या बेतात असलेल्या पेशंटांचं चालणं: ब्रदर करून घेऊ शकतो, तो रोज शेजारी उभा राहून बघतोच आहे. ओपीडीत रविवारी येणारे खांदे आणि कमरा: सोमवारी आले तरी बिघडत नाही, ते येतात कारण आम्ही उघडं ठेवतो. आणि सगळ्यात जास्त वेळ कशात जायचा? नातेवाइकांना समजावण्यात. वॉकर कसा धरायचा, पलंग किती उंच हवा, संडासाला खुर्ची कुठली आणायची, उकिडवं का बसायचं नाही. हे सगळं ऑपरेशननंतर, दुखत असताना, आम्ही रविवारी शिकवत होतो.

ते आता शुक्रवारी शिकवतो. शनिवारी ज्यांचं ऑपरेशन आहे ते तपासण्यांसाठी शुक्रवारी भरती होतातच. दुपारी तीन वाजता पेशंट आणि घरचं एक माणूस यांना एकत्र बसवायचं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती खाली दाबायला शिकवायची, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू जागा होतो. वॉकर हातात देऊन वॉर्डातून एक फेरी, दुखत नसताना. घरात कमोड नसेल तर प्लॅस्टिकच्या खुर्चीला मध्ये भोक पाडून कसं चालवायचं ते दाखवायचं. मांडी घालण्याबद्दलचं खरं उत्तरही तेव्हाच द्यायचं: घालू नका, पंगतीला खुर्ची मागा, लाजू नका. ज्याने शुक्रवारी वॉकर धरला आहे तो रविवारी निम्म्या वेळात उभा राहतो. रविवारचं साडेतीन-चार तासांचं काम दीड तासावर आलं. हे आधीच का केलं नाही, याचं माझ्याकडे बरं उत्तर नाही. फिजिओथेरपीच्या पुस्तकात ऑपरेशनपूर्व तयारीचा धडा आमच्या वेळीही होता.

फेब्रुवारीपासून

तक्ता तिघांत वाटला. दर तिसरा रविवार माझा. माझ्या पहिल्या रविवारी एका आजोबांना उभं करताना माझ्या लक्षात आलं की पट्ट्याची पकड आता मनगटाला झेपत नाही. ब्रदरने काही न बोलता त्याची बाजू भक्कम धरली.

पेशंटांना खासगी नंबर देणं बंद केलं. विभागाचा एक मोबाईल घेतला; तो ज्याची ड्युटी त्याच्याकडे. हे सोपं वाटतं, पण याला सगळ्यात जास्त विरोध तिचाच होता. पेशंट आपला आहे, असं तिला वाटतं. चांगल्या फिजिओला वाटतंच. दोन महिने तिने गुपचूप स्वतःचा नंबर देणं चालू ठेवलं होतं, हे मला या लिखाणाच्या निमित्ताने कळलं.

होम व्हिजिटांचं नवऱ्याने सोडवलं. मी नाही. तिन्ही घरच्या लोकांशी तोच बोलला: व्हिजिट बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर, मुलगा दुकानातून आल्यावर. दोघे तयार झाले. तिसऱ्याने दुसरा माणूस शोधला. महिन्याला सोळाशे रुपये गेले. ते आजही भरून निघालेले नाहीत, आणि पगारवाढीचा माझा अर्ज व्यवस्थापनाकडे पडून आहे.

जूनमध्ये कंत्राटी मुलगा पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेला. जागा दोन महिने रिकामी राहिली, तेव्हा एकाआड एक रविवार आम्ही दोघींनी ओढले. सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाडा झोडपला, तेव्हा एका सोमवारी ती गावाकडेच अडकली, कारण पुलावरून पाणी. त्या सोमवारी एकवीस पेशंट मी एकटीने बघितले आणि संध्याकाळी तिच्यावर मनातून चिडले. सांगायचं एवढ्यासाठी, की तक्ता बदलला म्हणून माणूस बदलत नाही.

ओट्यावरची ओपीडी

एक गोष्ट आमच्या तिघांच्या बैठकीत आलीच नव्हती. तिला मोकळे रविवार मिळायला लागले, तसा गावाला वास लागला. ‘डॉक्टरीणबाई आल्यात.’ सकाळी चहा व्हायच्या आत ओट्यावर चार माणसं. कुणाची कंबर, कुणाची टाच, कुणाला एमआरआयचा फोटो उजेडात धरून दाखवायचा. ऊसतोडीहून परतलेल्या बायकांच्या मणक्यांचं दुखणं तर असं, की नाही म्हणवत नाही. पहिल्या मोकळ्या रविवारी तिने अकरा माणसं बघितली. नवरा म्हणाला, लातूरलाच राहिली असतीस तर निदान पैसे तरी मिळाले असते.

यावर उपाय मला सुचला नसता. तो सासूबाईंनी काढला. सकाळी आठ ते नऊ, एक तास. नऊ वाजले की त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, डावा पाय समोर ताठ पसरून. त्यामुळे पायरी आपोआप अडते.

मी मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते, सोयाबीनची रास चालू असताना. सासूबाई खुर्चीत होत्या. उजव्या गुडघ्याखाली गोधडीची गुंडाळी होती आणि त्या ती दाबत होत्या, तोंडाने मोजत: सात, आठ, नऊ. डावा गुडघा आता वाकणार नाही, ते त्यांनाही माहीत आहे. पण उजव्या मांडीत जोर आला तर भार वाटला जाईल आणि काठी घ्यायची वेळ लांबेल, एवढा हिशेब. सूनबाईने दिवसातून तीनदा सांगितलं आहे. धाकटा समोर बसून आकडे चुकले की ओरडत होता. आत स्वयंपाकघरात मायलेकी भाकरी कशी फुगते यावर भांडत होत्या.

एक म्हातारे गृहस्थ मान धरून पायरीपाशी आले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

“आज न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. “नऊ वाजून गेले. दवाखाना लातूरला हाय.”

“मान लईच धरलीय हो.”

“मग पुढल्या रविवारी आठला या.” आणि माझ्याकडे हात करून, “न्हाईतर ह्या बसल्यात की. ह्या तिच्या मोठ्या मॅडम. ह्यांना विचारा.”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांना म्हटलं, बसा काका, शर्टाचं वरचं बटण काढा.